मोहाळीचे रान आणि मैना घोडी यांची व्यवस्था

मी, मनकर्णा भिवाजी दुर्गे, माहेरची मनकर्णा मारोती अलोणे, वय सहासष्ट, धर्म बौद्ध, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मावला, जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण जिच्या परसात या वयात घोडी बांधलेली आहे तिच्या शब्दावर लोक सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट चंपतराव वकिलांनी यातली दोन कलमे गाळा म्हणून पुष्कळ समजावले. ती दोन्ही कलमे खाली आहेत.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझे पती भिवाजी पोस्टात होते, ते वारले. मला दोन अपत्ये आहेत. मुलगा नागनाथ बेल्लमपल्लीला कोळसा कंपनीच्या कार्यालयात कारकून आहे आणि बायकोमुलांसह तिथेच क्वार्टरमध्ये राहतो. मुलगी सुमेधा आदिलाबादच्या दवाखान्यात नर्स आहे आणि माझ्याजवळ राहते. या कागदाची अंमलबजावणी सुमेधाने करावी. ती कामाला पक्की आहे आणि नागनाथ तिला थोडा घाबरतो.

कलम १. मावल्याचे घर, पुढचे अंगण, विहिरीतला अर्धा हिस्सा आणि मागची टिनाची शेड सुमेधाला द्यावी. घर माझ्या पगारातून बांधलेले आहे, त्यावर कोणाचा बोजा नाही. शेडीत घोडी बांधल्यामुळे भिंतीला जो वास लागला आहे तो चुना मारून जाईल. मी दोनदा मारून पाहिला, गेला नाही, पण माझ्यानंतर कदाचित जाईल.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे असेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. याबद्दल मला काही सांगायचे नाही.

कलम ३. माझ्या सोन्याच्या पाटल्या सूनबाईला द्याव्यात. ती घोडीला ‘तुमची मोठी सून’ म्हणते, ते मी ऐकले आहे. मला राग नाही. मोठ्या सुनेला पाटल्या चढत नाहीत, म्हणून धाकटीला देत आहे.

कलम ४. माझे अंत्यविधी साध्या बौद्ध पद्धतीने करावेत. जैनथच्या शाळेत मी शेवटची नोकरी केली, तिथल्या मुलांना त्या दिवशी सुट्टी मागू नये. मी स्वतः हयातभर असल्या सुट्ट्यांच्या विरोधात होते.

कलम ५. घोड्याचे सामान. यात माझ्या वडिलांचा लाकडी दांड्याचा खरारा, म्हणजे घोड्याचे अंग घासायचा ब्रश, माझ्या पहिल्या तट्टाचा लगाम आणि एक खोगीर आहे. हे सगळे घोडीबरोबर जाईल, त्याचे पुढे सांगते. पण हे सामान आमच्या घरात आले कसे, ते नागनाथला नीट ठाऊक नाही. त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही, म्हणून इथे लिहिते. वकील म्हणतात मृत्युपत्रात हकीकत नको. मी म्हणते, वस्तू कुठून आली ते कळले नाही तर ती भंगारात जाते.

माझे वडील, ज्यांना आम्ही बा म्हणत असू, सावरगावात गोपाळराव देशमुखांच्या घोड्यांची निगा राखायला होते. सावरगाव जैनथच्या अंगाला, पैनगंगेच्या अलीकडे. चार घोड्या होत्या. त्यांना धुणे, खरारा करणे, चारणे, खुरातली माती काढणे, पोट दुखले तर फिरवत राहणे, हे सगळे बा करी. वर बसणे तेवढे त्याच्या कामात नव्हते. आमच्या लोकांनी गावातून घोड्यावर बसून जायचे नाही, हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो कोणाला खोडताही येत नव्हता.

आमच्याकडे घोड्या रानी सोडायची चाल होती. काळ्या मातीच्या गावात पावसाळाभर घोडी चिखलात उभी राहिली की खूर सडतो. म्हणून मृग लागला की नाल काढायचे आणि घोड्यांना सातनाल्याच्या वरच्या अंगाला मोहाळीच्या टेकाडावर न्यायचे. तिथे जमीन मुरमाड आहे, पाणी ठरत नाही. मोह, धावडा, टेंभुर्णी यांची दाटी, मधून मधून गवताची मोकळवणे. दावे काढायचे, पाठीवर थाप मारायची आणि परत फिरायचे. दसऱ्याला देशमुखांकडे घोड्यांची पूजा असे. त्याच्या आधी बा जाडे मीठ फडक्यात बांधून जाई, टेकाडावर उभा राहून हाक मारी, आणि घोड्या येत. आयाळीत गोखरू अडकलेले, अंगाला टेंभुर्णीच्या पाल्याचा वास, पोटे टणक. घरी आल्यावर दोन-चार दिवस त्या तबेल्याच्या दारात थबकत. बा ओढत नसे. ‘इचार करू दे तिले,’ म्हणे. विचार करून त्या आत येत.

सोडायला जाताना मी बाबरोबर जात असे. गावातून बा लगाम धरून पुढे चालायचा, मान खाली. शीव ओलांडली, ज्वारीची शेते संपली, पहिला मोह लागला की तो थांबायचा, मागे वळून पाहायचा आणि एका उडीत कुमैत घोडीच्या पाठीवर असायचा. कुमैत म्हणजे तांबूस काळी, त्या चौघींतली सगळ्यात चपळ. खोगीर नाही, काही नाही. माझा बा इतका उंच आहे हे मला तिथे कळले.

एकदा त्याने मला उचलून पुढे बसवले. मी भ्याले.

“बा, कोनी पाह्यलं तर?”

“इथं कोन पाह्यते? वाघ.”

“वाघ पाह्यते ना मग!”

“पाहू दे. वाघाले जात नसते माय.”

मग त्याने टाच मारली. त्या धावण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. आयुष्यात पुढे मी रेल्वेत बसले, एकदा पेन्शनच्या कामाला हैदराबादला जाऊन आले, पण तसा वारा कानात पुन्हा शिरला नाही.

कलम ६. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक लोखंडी साखळी आहे. तिला दोन कडी आणि एक कुलूप आहे. तो घोड्याच्या पुढच्या पायांना घालायचा पायबंद आहे. वकिलांनी गाळा म्हटलेले पहिले कलम हे.

आंध्र प्रदेश झाला त्याच सुमारास आमच्या वस्तीने धम्म घेतला आणि मेलेली जनावरे ओढणे बंद केले. देशमुखांच्या ओट्यावर ही गोष्ट कोणाला रुचली नाही. मारोतीची मान हल्ली वर असते, असे बोलणे निघाले. त्यात कोणीतरी मोहाळीची बातमी नेली. पुढल्या मृगाला बा घोड्या न्यायला गेला तेव्हा मी दारात उभी होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेले आहे.

“मारोत्या, रानात तू आमच्या घोडीवर बसतोस म्हणे?” गोपाळराव म्हणाले.

“घोडीले धावाले लागते मालक. नाई धावली तर पाय आखडते.”

“मग तिले धावू दे. तू मागून पायी धाव.”

ओट्यावरचे सगळे हसले. गोपाळरावांनी आतून पायबंद आणवला, कुमैतच्या पुढच्या पायांना घालायला लावला, कुलूप स्वतः लावले आणि किल्ली कमरेला अडकवली. घोडी आता वीतभर पाऊल टाकू शकत होती. तिच्यावर बसून कोणी कुठे जाऊ शकले नसते. बाकीच्या तिघींचे त्यांना काही वाटत नव्हते, बा बसायचा तो कुमैतवरच.

बा त्यांच्या पायांशी वाकला. “मालक, तिथं जनावर हाय. असी बांधली घोडी पळन कसी?”

“जनावर आजच आलं का? इतके वर्स नाही खाल्ली.”

“इतके वर्स ती मोकळी होती मालक.”

गोपाळराव उठून आत गेले. त्या दिवशी मोहाळीपर्यंत जायला संध्याकाळ झाली, कारण कुमैत पावलापावलाने चालत होती. बा तिच्या बरोबरीने चालला. पहिला मोह आला, गेला. तो कोणत्याच घोडीवर बसला नाही.

दसऱ्याआधी बाने हाक मारली तेव्हा तीन घोड्या आल्या. कुमैत कुठे गेली ते शोधायला त्याला फार फिरावे लागले नाही. ती फार लांब जाऊ शकलीच नव्हती. वाघाने आणि कोल्ह्यांनी जे सोडले होते त्यात ही साखळी होती. बाने ती धुतली आणि देशमुखांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. गोपाळराव म्हणाले, “तुझं लक्ष कुठं होतं?” आणि साखळी पायाने ढकलली. त्याच दिवशी बाचे काम सुटले.

म्हणजे ती वस्तू आमची नाही, देशमुखांची आहे. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये असे बाच आम्हाला सांगे, तरी ही एक वस्तू त्याने ठेवली आणि मी ठेवली. आता पुढच्या पिढीने ठेवू नये. गोपाळरावांचे नातू हेमचंद्र आदिलाबादला विम्याच्या कामात असतात. भला माणूस आहे. बाच्या मयतीला ते आले होते आणि आजोबांचे जुने खोगीर स्वतः घेऊन आले होते. म्हणाले, “काकू, आमच्याकडे आता सायकलीबी नाहीत. हे तुमच्याकडे शोभेल.” कलम पाचमधले खोगीर ते हेच. तर ही साखळी सुमेधाने त्यांना नेऊन द्यावी, चहा प्यावा आणि परत यावे. भांडू नये. कुलूप अजून बंद आहे. किल्ली आमच्याकडे कधीच नव्हती, त्यांच्याच घरी असेल.

कलम ७. मोहाळीचे रान. हे कसे मिळाले ते आधी.

काम सुटल्यावर बा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. काही वर्षांनी सरकारने भूमिहीनांना पडीत जमिनीचे लावणी पट्टे, म्हणजे कसायच्या हक्काचे कागद, वाटले. गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, सावरगावला आले, चावडीसमोर खुर्ची टाकून बसले. ते जुन्या निजामी वळणाचे, बोलणे अर्धे उर्दू.

“मारोती, नदीच्या बाजूची ले. काळी आहे. मोहाळीत क्या पिकता, पत्थर?”

“मले मोहाळीच पायजे साहेब.”

“काऊन रे बाबा?”

“तिथं हवा चांगली हाय.”

चावडीवर जो हशा पिकला तो मला घरात ऐकू आला. आई द्वारकाबाई आठवडाभर बाशी बोलली नाही. ‘हवा खाय आता,’ म्हणून ताट पुढे सरकवायची.

पट्ट्याची अट होती की जमीन कसली पाहिजे. बाने अट पाळली. टेकाडाच्या पायथ्याशी एक पट्टी नांगरून तिथे तूर आणि ज्वारी घेतली. वरचे सगळे रान त्याने तसेच ठेवले. बांध घातला नाही, झाड तोडले नाही, मोह वेचायला पलीकडच्या गुड्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे, गोंड लोक येत त्यांना अडवले नाही. विचारले तर म्हणायचा, “खालचं माह्या पोटाचं, वरचं माहं.”

मला नोकरी लागली तेव्हा पहिली नेमणूक मोहाळीच्या पलीकडे, त्याच गोंड गुड्यावरच्या शाळेत मिळाली. रस्ता नव्हता. पहिल्या पगारांतून मी हाटबाजारातल्या मिठाच्या व्यापाऱ्याकडून एक तट्टू घेतले. बाला इतका आनंद झाला की त्याने तट्टाला दिवसातून तीनदा धुतले. पण गावातून जाताना तो म्हणे, “उतर माय. शिवंपासून बस.” मी उतरत असे. त्याच्यासाठी उतरत असे. शिवेबाहेर तो मला बसवून द्यायचा आणि मोहाळीपर्यंत बरोबर चालायचा.

एका सोमवारी, पावसाचे दिवस होते, त्याने घराच्या दारातच मला बसवले. लगाम धरला आणि चालू लागला. मला वाटले शिवेचे विसरला. देशमुखांच्या दारासमोर आलो. गोपाळराव ओट्यावर चहाची बशी घेऊन बसले होते.

“कोण आहे रे ते?”

“माही पोरगी हाय मालक.”

“मास्तरीण झाली म्हणे.”

“हाव. शाळेले उशीर होऊन राह्यला,” बा म्हणाला, आणि पाऊल न थांबवता पुढे गेला.

एवढेच झाले. आभाळ कोसळले नाही. बशीतला चहादेखील सांडला नाही. बाचा हात मात्र लगामावर इतका घट्ट होता की तट्टू मान झटकत होते. शीव आल्यावर त्याने हात सोडला आणि रस्त्याकडेला बसला. बा स्वतः मात्र कधीही गावातून बसून गेला नाही. मरेपर्यंत नाही. तो मोहाळीत बसत असे. साठी उलटल्यावरही, माझ्या तट्टावर, वरच्या रानात, एकटा.

म्हणून मोहाळीची किंमत काय असे मला कोणी विचारले तर मला उत्तर देता येत नाही. खालच्या नाल्याला चैत्रापर्यंत पाणी असते ते वरचे रान शाबूत आहे म्हणून, असे मी सांगू शकते. ते खरेही आहे. पण मी तेवढ्यासाठी राखली नाही. ज्या जागी कोणाचाच हुकूम चालत नाही अशी एक जागा माणसाला आणि जनावराला जवळ असावी लागते. घोडे पाळीव जनावर आहे, ते परत येते. पण परत यायला आधी कुठेतरी जाता आले पाहिजे. कुमैतला जाऊ दिले नाही, म्हणून ती परत आली नाही.

कलम ८. मैना. ही पांढरी घोडी मी निवृत्तीनंतर घेतली. ती वरातीची घोडी होती. गावात लग्नाला घोड्या देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे होती. तिने एका लग्नात ढोलवाल्याला लाथ मारली आणि नवरदेवाला मांडवाच्या दारात खाली पाडले, म्हणून तो तिला काढायला निघाला होता. मी म्हटले, हिची तक्रार रास्त आहे, मला द्या. तिच्या डोळ्यांना झापडे बांधायची सवय होती. ती काढल्यावर पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

पहिल्या मृगाला मी तिला मोहाळीला नेले. मी ऑटोत, घोडी मागे दोरीला. ऑटोवाला घोडीच्या चालीने चालवतो आणि भाडे मात्र आपल्या चालीचे घेतो. टेकाडावर दावे काढले, थाप मारली, तर मैना हलेना. रान बघत उभी. मग झाडावर वानरांनी कालवा केला आणि या बाईने बँड समजून दोन पावले नाच केला. मी हसून हसून खाली बसले. परतीच्या वाटेवर मी वळून पाहिले तेव्हा ती तशीच उभी होती. दसऱ्याआधी मीठ घेऊन गेले आणि हाक मारली. बराच वेळ काही आले नाही. मग दाटीतून पाला मोडल्याचा आवाज झाला आणि मैना आली, आयाळीत गोखरू, पोट टणक, कान पुढे. मावल्याला शेडीच्या दारात ती थबकली. मी ओढले नाही. तेव्हापासून दर पावसाळा ती मोहाळीत काढते.

आता या दोघींचे, मोहाळीचे आणि मैनेचे, काय करायचे.

नागनाथचे म्हणणे मी इथे त्याच्या बाजूने नीट मांडते, कारण ते खोटे नाही. मोहाळीच्या आजूबाजूची सगळी टेकाडे आता कापसाखाली गेली, मोहाळीही नांगरावी असे त्याला वाटते. त्याने एका ट्रॅक्टरवाल्याशी आणि झाडे उपटणाऱ्या यंत्राच्या मालकाशी बोलणेही करून ठेवले आहे. गेल्या पाडव्याला तो आला तेव्हा आमचे बोलणे झाले.

“आई, सरकारनं आजोबाले जमीन देल्ली ते कसायले. आपण नाही कसली तर उद्या तेच लोक म्हणतील, याईले जमीन कायले पायजे होती? पडीत दिसली तर तहसीलवाले परतबी घेऊ शकतात.”

“खालची पट्टी कसलीच आहे ना.”

“आणि वरचं? वरचं काऊन ठेवलं? एका घोडीसाठी?”

“घोडीसाठीच म्हण.”

“घोडीवर मीबी बसलो आई. वरातीत. आदिलाबादच्या भर चौकातून गेलो, कोणी अडवलं? ते दिवस गेले.”

ते दिवस गेले हे खरे आहे, आणि त्याच्या वरातीत मी पदराने डोळे पुसले हेही खरे आहे. बा असता तर त्याने लगाम धरायला धाव घेतली असती. पण मी त्या घोडीकडेही पाहत होते. झापडे, झुलीचा भार, कानाशी ढोल. नागनाथ तिच्यावर बसला, पण घोड्यावर बसणे म्हणजे काय ते त्याला त्या चौकात कळणार नव्हते. तो मोहाळीत फक्त एकदा आला, लहानपणी, आणि त्याला ताप आला. नंतर शाळा, नोकरी, बेल्लमपल्ली. त्याचा दोष नाही.

मोहाळी सुमेधाला दिली तर ती राखेल, हे मला ठाऊक आहे. मी तिला विचारलेही. तिला घोडीच्या केसांनी अशा शिंका येतात की मैनाच दचकते, पण रानावर तिचा जीव आहे. ती म्हणाली, “मले देशील तर मी राखीन. पण मग ते माझं रान होईल आणि दादाचं भांडण होईल. त्याले दे. पण आधी त्याले तिथं पाठव.”

मी चंपतराव वकिलांना विचारले की ‘मोहाळी कधीही नांगरू नये’ अशी अट घालता येईल का. ते म्हणाले, “बाई, लिहायला काय, लिहिता येईल. टिकणार नाही. एकदा जमीन त्याची झाली की तुमचा हात त्याच्या नांगराला धरू शकत नाही.” मग मी विचारले, जमीन हातात पडायच्या आधी एक काम करायला लावता येईल का. ते म्हणाले, ते मात्र येईल, आणि कपाळाला हात लावला, कारण काम काय ते त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी गाळा म्हटलेले दुसरे कलम ते पुढचे.

कलम ९. बाच्या मागे माझ्या नावे झालेला मोहाळीचा लावणी पट्टा आणि मैना घोडी, सामानासह, मी माझा मुलगा नागनाथ याला देते. विकायची नाही हे सरकारचेच बंधन आहे, त्यात मी भर घालत नाही. पण माझ्या मरणानंतर येणाऱ्या पहिल्या मृगाला त्याने रजा काढून यावे, मैनेचे नाल काढवावेत, तिला स्वतः मोहाळीला न्यावे आणि मोकळी सोडावी. पायांत काहीही बांधू नये. दसऱ्याआधी त्याने पुन्हा एकट्याने जावे, मीठ न्यावे, टेकाडावर उभे राहून हाक मारावी आणि ती येईपर्यंत थांबावे. किती वेळ लागेल ते मी सांगू शकत नाही. ट्रॅक्टरवाल्याला बरोबर नेऊ नये. परतताना सावरगावातून यावे, पायी यावे की बसून, हे त्याचे त्याने ठरवावे.

हे झाले की सुमेधाने पट्ट्याचा कागद त्याच्या हाती द्यावा. तोपर्यंत देऊ नये. त्यानंतर त्याला नांगरावेसे वाटले तर त्याने नांगरावे. माझा शाप नाही, रुसवा नाही, आणि सुमेधानेही त्याला बोल लावू नये. तो माझा मुलगा आहे आणि बाचा नातू आहे. त्याने जे ठरवायचे ते तिथे उभे राहून ठरवावे, बेल्लमपल्लीत बसून नाही, एवढेच माझे मागणे आहे.

मैना माझ्या आधी गेली, तर नागनाथने कोणाची तरी घोडी त्या पावसाळ्यापुरती मागून आणावी. त्याला संकोच वाटेल. वाटू द्यावा.

हे वाचून दाखवल्यावर वकिलांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “बाई, कायद्याला प्रत्येक गोष्टीचा पर्याय लागतो. त्याने सोडली, तो गेला, हाक मारली, आणि ती आलीच नाही, तर? मग काय लिहू?”

मी सांगितले ते त्यांनी लिहून घेतले, आणि ते मी इथे माझ्या हाताने उतरवते. तर जमीन त्याची, आणि घोडी रानाची.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. दोघांचाही यात काही लाभ नाही.

मनकर्णा भिवाजी दुर्गे
(सही)

साक्षीदार:
१. महिपत नगराळे, निवृत्त मुख्याध्यापक, मावला (सही)
२. बयनाबाई झाडे, शेजारीण, मावला (सही)

ठिकाण: मावला, जिल्हा आदिलाबाद
दिनांक: २० मे २००६